दोनच्या पुढचं शून्य

आटपाट घर होतं. घरातल्या जुन्या संगणकात सोळा फायली राहत होत्या. आजारी इंदुताईंनी सोळा सोमवारचं व्रत करताना दर सोमवारी लेकीसाठी चार शब्द बोलून ठेवले होते. फायलींची नावं म्हणजे नुसते आकडे, एक ते सोळा.

इंदुताई गेल्या. वर्षभराने लेक रेवती ऐकायला बसली. संगणकाने रांग लावली: एक, मग दहा ते सोळा, आणि त्यांच्यामागे दोन.

"अहो, दहा माझ्यापुढे कशी?" दोन कळवळली.

"मी डावीकडचा आकडा आधी बघतो, बाई. दहाचा एक, तुझा दोन."

सोळावीतून खोल गेलेला आवाज आला, "आता थकले गं, रेवा." रेवतीने रडत संगणक बंद केला.

"आई मध्ये किती हसलीय, ते राहिलंच की!" दोन म्हणाली.

कीबोर्डवरचं शून्य हळूच म्हणालं, "मला कुणी पुढे बोलावत नाही. पण मला तुझ्यापुढे उभं केलं, तर दहा मागे जाईल."

"तुला उभं कोण करणार? आपली नावं आपल्याला थोडीच बदलता येतात?"

पुढच्या सोमवारी रेवतीने दिवा लावला. रांग बघून ती थबकली. मग एक ते नऊ, प्रत्येकीपुढे तिने शून्य लिहिलं.

दोन आईच्या आवाजात बोलली, "रेवा, चुरम्यात गूळ जास्त झालाय, तुझे बाबा बोटं चाटतायत बघ!"

रेवती खुदकन हसली. सोळावीला ती पुन्हा रडली, पण शेवटपर्यंत हात जोडून बसली.

तिला जशी आई ओळीने भेटली, तशी आपली माणसं तुम्हां-आम्हां भेटोत.