शून्यावरची फटफटी

मोरेवाडीत एक भोळा गडी राहायचा, हणमा. "मला कुणी फसवून दाखवावं," असं तो छाती काढून सांगायचा. "आजवर जेवढ्यांदा फसलो, तेवढ्यांदा माझा मीच."

लग्नात त्यानं हौसाला शब्द दिला होता, फटफटीवर मागं बसवून समुद्र दाखवीन. सात वर्षं झाली. शेवटी हौसा म्हणाली, "ह्या दिवाळीला समुद्र दिसला नाही, तर मी चालले माहेरी."

हणम्यानं शेळ्या विकल्या, पैसे कनवटीला लावले आणि बशीर मेस्त्रीला गाठलं. "चाचा, लांब पल्ल्याची जुनी फटफटी घ्यायचीय. किती पळालीय ते कसं ओळखायचं?"

"मीटरवर जाऊ नको, ते कुणीबी मागं फिरवतंय. पायाखालचं रबर बघ. झिजलेलं असलं तर सोडून दे."

हणमा गुरुजींकडं गेला. त्यांची विकायची गाडी झकास होती. हणमा खाली वाकला आणि गुरुजींच्या चपला बघितल्या. टाचेला भोकं.

"गुरुजी, गाडी लई पळालीय तुमची."

"अरे, ती दारातच असते! मी शाळेत चालत जातो."

"रबर सांगतंय की," म्हणत हणमा माघारी.

मेस्त्रीनं पाना खाली ठेवला. "खुळ्या, गाडीच्या पायदानावरचं रबर म्हणालो मी! मालकाकडं बघूच नको! गाडीला हात लाव. टायर चाचपून बघ."

हणमा पलीकडच्या गावच्या सरपंचांची विकाऊ गाडी बघायला त्यांच्या अंगणात शिरला. सरपंच ओट्यावर चहा पीत होते. "कोण रे तू?" हणम्यानं बघितलंच नाही. सरळ गाडीपाशी बसला आणि टायर चाचपायला लागला. सरपंचीणबाई "चोर, चोर" करत केरसुणी घेऊन आल्या. मार खातानाही गड्यानं मालकाकडं मान वळवली नाही.

"अरे बाबा," मेस्त्री हात जोडून म्हणाला, "आधी रामराम घालावा. मग विचारावं, गाडी कुठंकुठं हिंडलीय. जेवढी कमी हिंडली तेवढी चांगली."

शेजारच्या गावची जत्रा उठत होती. हणमा पोचला तेव्हा फोटोवाला तंबू आवरत होता. तंबूत एक फटफटी, मागं रंगवलेल्या समुद्राचा पडदा. लोक तिच्यावर बसून फोटो काढून घ्यायचे.

"रामराम. गाडी कुठंकुठं हिंडलीय?"

"कुठंच नाही. टेम्पोत चढते, टेम्पोतनं उतरते."

हणम्यानं पायदानावरचं रबर बघितलं. कोरं. टायर चाचपले. नवरीच्या बांगड्यांसारखे नवे. मीटर शून्यावर.

"पाव्हणं," फोटोवाला म्हणाला, "इंजिनाचं काही विचारायचंय का?"

"मेस्त्रीनं तसं सांगितलं नाही."

फोटोवाल्यानं पैसे मोजून घेतले.

हणम्यानं गाडी चार कोस ढकलत आणली. घाम पुसून बघतो तर मीटर अजून शून्यावरच. एवढी गुणी गाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

दिवाळीच्या पाडव्याला हौसा नवं लुगडं नेसून, भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन मागं बसली. सगळी आळी निरोप द्यायला दारात. हणमा किक शोधतोय. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. हौसानं वाकून खाली बघितलं. दोन चाकांच्या मधनं पलीकडची कोंबडी दिसत होती.

"अवो, इंजिन कुठाय?"

"ते असू दे गं! मीटर बघ, मीटर. एक किलोमीटर पळालेली नाही!"

हौसा गाठोडं घेऊन खाली उतरली.

"ही तर जत्रंतली फोटोची फटफटी! आन् हिच्यामागचा समुद्र कुठं ठेवून आलासा? जावा, तेवढा गुंडाळून आणा, म्हंजे इथंच पाय भिजवून मी माहेरी जायला मोकळी."