टेकूला खिळा

एकदा एक नाव बांधून पूर्ण झाली आणि वाळूवरच अडून राहिली. ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धाचे ते तिसरे वर्ष होते. ती ज्या बेटावर बांधली ते इतके लहान होते की नकाशात ते शोधताना बोटाखालीच झाकले जाई. समोरच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्याला सुलतानाच्या फौजेने वेढा घातला होता. आत चारशे माणसे होती, आणि पोहत निसटून आलेल्या एका माणसाने सांगितले होते की आतले पीठ फार तर बारा दिवस पुरेल. बेटावर पीठ होते, ते नेण्यासाठी ही नवी नाव होती, आणि बारांपैकी आठ दिवस सरले होते.

झाफिरिस ते दिवस मोजत होता. त्याची थोरली बहीण आर्गिरो दोन लेकरांसह त्या किल्ल्यात होती. आई गेल्यानंतर तिनेच त्याला वाढवले होते. आता पंचविशीत तो बेटावरच्या वृद्ध नावकारागिराच्या हाताखाली काम शिकत होता. त्या वृद्धाला सगळे मास्तोरा म्हणत. आपल्या मिस्त्री या शब्दात थोडे गुरुजी मिसळले की तो शब्द होतो.

नाव अडली होती ती सभेमुळे. बेटावरची सभा चर्चच्या अंगणात भरे आणि प्रत्येकाला बोलण्याचा अधिकार असे. प्रश्न होता की नावेवर झेंडा कोणाचा लावायचा, म्हणजेच आपले पालकत्व कोणत्या राज्याकडे मागायचे. इंग्रजांकडे आरमार आहे, असे एक गट म्हणे. रशियाचा धर्म आपलाच, असे दुसरा म्हणे. तिसऱ्याला फ्रेंचांचे कवायती अधिकारी हवे होते. एकाने दुसऱ्याला सुनावले की तुमचा झार माझ्या आजोबांच्या लहानपणापासून मदतीला निघालेला आहे, वाटेत कुठे जेवायला थांबला ते तरी विचारा. आपला झेंडा नसेल तर आम्ही नावेला हात लावणार नाही, असे प्रत्येक गटाने जाहीर केले होते.

या सर्वांत एक परदेशी पाहुणाही होता. अन्सेल्म नावाचा हा स्विस गृहस्थ आपले द्राक्षमळे भावाच्या हाती सोपवून ग्रीकांसाठी लढायला आला होता. ग्रीक भाषा तो जुन्या ग्रंथांतून शिकला होता. आपल्याकडे भाजीबाजारात कोणी संस्कृतात मेथीची जुडी मागावी, तसा तो कोळ्यांकडे मासे मागे. बायका डोक्याचा रुमाल तोंडाला लावून हसत आणि त्याच्या टोपलीत एक मासा जास्त टाकत. मनाने तो निर्मळ होता. नाव बांधताना तिला दोन्ही बाजूंनी टेकू लागतात. त्यासाठी त्याने एका मोडलेल्या गलबताचे उत्तम ओक लाकडाचे वासे दूरच्या बंदरातून स्वतः आणून दिले होते.

आठव्या दिवशी झाफिरिसचा धीर सुटला. पाहुण्यासमोर आपल्या लोकांची भांडणे पाहून त्याला लाजही वाटत होती. त्याने एक कागद लिहिला. सभा आपला निर्णय या थोर पाहुण्याच्या हाती सोपवीत आहे, यापुढे तो सांगेल तो झेंडा आणि तो सांगेल तसे, असा मजकूर होता. लोकही थकले होते. सायंकाळपर्यंत एकतीस सह्या झाल्या. अन्सेल्म आधी नको नको म्हणाला, मग गहिवरला. राहिली होती ती मास्तोराची सही; ती झाली की बाकीचेही निमूट सही करणार होते.

नवव्या दिवशी सकाळी झाफिरिस कागद घेऊन किनाऱ्यावर गेला. वृद्धाने तो दोनदा वाचला, घडी घालून सही न करताच परत दिला आणि तो नावेच्या बुडाशी वाकला. तेथे त्याला काहीतरी दिसले. परवा उत्तरेचा वारा सुटला होता. नाव कलंडू नये म्हणून झाफिरिस आणि अन्सेल्म यांनी मिळून टेकूंची टोके नावेच्या अंगाला खिळ्यांनी ठोकून टाकली होती. मास्तोराने अंबूर मागितले आणि तो एक-एक खिळा उपटायला बसला.

मोठे अकरा खिळे होते. प्रत्येक खिळा तो सावकाश, फळीला चीर न पाडता काढी. मग भोकात लाकडाची खुंटी बसवी, वर ताग दाबून भरी आणि डांबर लावी. सूर्य चढत चालला. झाफिरिस आधी नुसता पाहत राहिला, मग म्हणाला की टेकू करवतीने कापून टाकू, टोके राहू देत अंगाला. वृद्धाने ऐकले नाही. सहाव्या खिळ्याला झाफिरिसचा आवाज चढला.

"मास्तोरा, माझी बहीण तिथे उपाशी मरतेय आणि तुम्ही खिळे काढत बसलाय. एका सहीचं काम आहे."

"तेच चाललंय," वृद्ध म्हणाला. "दुसरं अंबूर घे. दोघे मिळून लवकर होईल."

झाफिरिस रागातच बसला. शेवटचा खिळा निघाला तेव्हा वृद्धाने पाठ टेकली आणि त्याला विचारले, की टेकूचे काम काय.

"नाव सरळ उभी ठेवणं."

"कुठवर?"

झाफिरिसने अंबूर खाली ठेवले.

"पाण्यात जाईपर्यंत," वृद्ध म्हणाला. "म्हणून टेकू नुसता पाचरीवर उभा करायचा असतो. वेळ आली की हातोडीच्या एका घावात सुटला पाहिजे. तुम्ही मायेनं ठोकलात, मला कळतं. पण नाव घसरली असती तर टेकू वाळूत रुतला असता आणि फळी उचकटून निघाली असती. तू म्हणालास तशी टोकं कापून ठेवली असती आणि ती भर समुद्रात सुटली असती, तर अकरा भोकांतून पाणी आलं असतं. लाकूड चांगलं होतं रे, देणाराही चांगला. चूक खिळ्याची. इंग्रजांची मदत माग, रशियाची माग, तिघांची माग. पण आपलं ठरवणं दुसऱ्याच्या हाती देणारा तुझा हा कागद बारावा खिळा आहे. तो मी मारणार नाही."

"आणि हे रोजचं भांडण?" झाफिरिसने विचारले. "पाहुण्यासमोर लाज वाटते."

"चारशे वर्षं दुसऱ्यानं ठरवलं, लेका. सवय नाही आपल्याला. लहान मूल चालायला शिकताना धडपडतं, तेव्हा पाहुणे आले म्हणून कोणी त्याला पाळण्यात घालत नाही."

 झाफिरिस कागद घेऊन सभेत गेला. त्याने आधी खिळ्यांची गोष्ट सांगितली, स्वतःची चूक काही न वगळता. एकतीस सह्यांचा कागद त्याने सर्वांसमोर फाडला. तीन राज्यांना तीन पत्रे लिहू, असे तो म्हणाला, आणि त्यांवर वर्षभर भांडू. पण नाव आज जाईल आणि आपल्याच झेंड्याने जाईल. कोणी म्हणाले, आपला झेंडा पाहून शत्रूची गलबते आधी तोफ डागतील. तेही खरे होते. तासभर पुन्हा वाद झाला. शेवटी हात वर झाले तेव्हा आपल्या झेंड्याच्या बाजूने फक्त नऊ हात जास्त भरले.

हरलेले लोक काय करतात, इकडे झाफिरिसचे डोळे होते. रशियाच्या बाजूचा म्हातारा सर्वांत आधी उठला आणि म्हणाला, "मी चुकीच्या बाजूचा असेन, पण माझा खांदा अजून बरा आहे." मग सगळेच नाव ढकलायला निघाले.

मास्तोराने पाचरी मारायची हातोडी अन्सेल्मच्या हातात दिली. त्यानेच आणलेला एक-एक वासा त्याने स्वतः सोडवला. नाव हलली, घसरली आणि पाण्यावर सरळ तरंगली. अन्सेल्म वाळूवर पडलेल्या वाशांमध्ये उभा राहिला. आता आपले येथे काय काम, असे त्याने त्या जुनाट भाषेत विचारले. या वेळी कोणी हसले नाही.

"टेकू वाळूत राहतो," मास्तोरा म्हणाला. "माणसाला नावेत जागा असते. वल्हवता येतं का तुम्हाला?"

येत नव्हते. त्याला पाणी उपसायचे भांडे दिले.

शत्रूच्या गलबतांना लांबून वळसा घालत, अकराव्या दिवशी पहाटे, धुक्याच्या आडोशाने, नाव किल्ल्याच्या पाणदरवाजाला लागली. वाटेत एक गोळा शिडातून आरपार गेला होता. माणसे शाबूत होती. पिठाची पोती उतरू लागली. गर्दीतून आर्गिरो पुढे आली. ती इतकी वाळली होती की झाफिरिसने तिला आवाजावरून ओळखले. आत अफवा होती की एका मोठ्या राजाने गलबत धाडले आहे. तो कोण, हे तिला जाणून घ्यायचे होते.

"कोणीच नाही, ताई. आम्हीच आलो. भांडण उरकलं आणि निघालो."

"उरकलं?"

झाफिरिसने मागे पाहिले. नावेत दोघे खलाशी पत्र आधी इंग्रजांना की फ्रेंचांना यावर एकमेकांना ऐकवत पोती उचलत होते, आणि अन्सेल्म भांडे हातात घेऊन दोघांनाही काही समजावत होता.

"नाही," तो म्हणाला. "वाटभर चालूच होतं."

आर्गिरो कित्येक दिवसांनी हसली आणि तिने पोत्याचे दुसरे टोक धरले.