थापेला कंटाळलेली टपालपेटी

फार जुनी गोष्ट आहे. एका गावाच्या वेशीवर चिंचेला लाल टपालपेटी टांगलेली होती. पत्र टाकलं की ते तळाशी पडावं म्हणून जो तो तिच्या पोटावर एक थाप मारायचा. "पत्र यांचं आणि मार मला!" पेटी करवादायची.

एकदा गांधीलमाशी जागा शोधत आली. पेटी म्हणाली, "ये बाई, खुशाल राहा आत. फक्त मला कुणी हात लावला की त्याला सोडू नकोस."

पावसाच्या झडीत बरेच दिवस पेटीकडे कुणी फिरकलं नाही आणि पोळं चांगलं वाढलं. मग एक दिवस सगुणाकाकू आल्या. लेकीला बाळंतपणाला बोलावायचं पत्र त्यांनी आत टाकलं आणि सवयीनं थाप मारली. आतून अख्खा थवा त्यांच्या तोंडावर तुटून पडला!

पेटी हादरली. "अगं, काकूंचा डोळा मिटला की सुजून! एवढं कुठं सांगितलं होतं मी?"

"सोडू नकोस, असंच म्हणालीस ना?" माशी म्हणाली.

पोस्टमन भिकोबा किल्ली घेऊन आले, तेही डंख खाऊन मागे पळाले. त्यांनी समोरच्या लिंबाला नवी पेटी ठोकली.

"अहो, पण माझं आतलं पत्र?" काकूंनी विचारलं.

"दुसरं लिहा, काकू. त्या पेटीला आता कोण हात लावतंय!"

काकूंनी दुसरं पत्र नव्या पेटीत टाकलं, थाप मारली आणि म्हणाल्या, "पडलं गं बाई!"

जुन्या पेटीला राहवेना. "काकू, मलाही एक थाप मारा हो!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

तिच्या तोंडातून नुसती घूं घूं बाहेर आली. काकू पदर डोक्यावर ओढून पळत सुटल्या.