खरवडीचा मान

एक होता नाईक. होता म्हणजे, नुकताच देवाघरी गेला होता. मागे राहिलं त्याचं पागोटं आणि त्यावर हक्क सांगणारे तिघे. थोरला मुलगा भिवा, धाकटा रुपजी आणि नाईकाचा भाऊ गोंदू. एक लेकही होती, सोनकी. पण तिला कोण विचारतो?

त्या डोंगरात एक रीत होती, बरं का. नवा भात आधी नाईकानं शिजवून वाढायचा, मगच लोकांनी खायचा. कणग्या भरल्या होत्या, पण नाईकच ठरेना. जुनं धान्य संपलं. घरोघरी उकडलेले कडूकंद. सोनकीची छोटी चिमी ते थुंकून टाकायची, रडायची आणि मग गप्प व्हायची. तिचं ते गप्प होणं सोनकीला रडण्याहून जास्त लागायचं.

शेवटी पंच म्हणाले, नाईकाचा हंडाच काय ते ठरवील; ज्याच्या हातून त्यात भात शिजेल, तो नाईक. हंडा जुना, फार शहाणा.

मग भिवानं पागोटं घातलं, चूल पेटवली आणि म्हणाला, पहिलं पान माझं. लाकडांची राख झाली, तांदूळ कच्चेच. मग रुपजी बसला. तो म्हणाला, पहिलं पान माझ्या माणसांचं. पाणी कोमटसुद्धा झालं नाही. मग गोंदूकाका. त्यानं तर आधी सगळ्यांना आपल्याशी इमान राखायच्या शपथा घ्यायला सांगितलं. हंड्याच्या काठावर दव साचलं!

झालं, तिघं पुन्हा भांडायला लागले. कुणी लाकडांना नावं ठेवली, कुणी एकमेकांना. चिमीनं आईच्या खांद्यावर मान टाकली होती. मग सोनकी उठली. तिनं सगळ्या पोरांना पानं घेऊन बसवलं आणि पळी उचलली.

भिवा म्हणाला, "तुला कुणी अधिकार दिला गं?"

"ते मागून बघू, दादा. आधी पान धर. तूही उपाशीच आहेस."

आणि हंडा बुडबुडला. असा वास सुटला म्हणता!

सोनकीनं पोरांना वाढलं, म्हाताऱ्यांना वाढलं, मग भांडणाऱ्या तिघांनाही. तिच्यासाठी उरली बुडाची करपलेली खरवड. तीच तिनं मजेत खाल्ली.

म्हातारा पंच हळूच म्हणाला, "हिचा बापही खरवडच खायचा."

भिवा जेवता जेवता थांबला. इतकी वर्षं बापाशेजारी बसून त्यानं हे पाहिलंच नव्हतं. तो उठला आणि त्यानंच पागोटं बहिणीच्या डोक्यावर ठेवलं. ते घसरून तिच्या नाकावर आलं. सगळा पाडा पोट धरून हसला. कितीतरी दिवसांनी, बरं का. चिमी तर भात खाऊन केव्हाच झोपली होती.

तेव्हापासून तिथं पागोट्यावरून भांडण नाही. ज्याला खरवड गोड लागते, त्यानं ते घालावं. सगळे सुखात आहेत. तुमचीही पोटं भरलीत ना? मग मिटा डोळे.