मानकलशाचं पाणी

फार जुनी गोष्ट. त्या काळी एका राज्याला एकच नदी असे, म्हणून तिला नाव लागत नसे. नुसतं ‘नदी’ म्हटलं की पुरायचं.

अशाच एका नदीकाठी एक राजधानी होती. तिथल्या रंगाऱ्यांच्या कापडाची कीर्ती दूरदूर पसरलेली. त्यांचं निळं असं, की मोराने मान खाली घालावी. त्यांचं लाल असं, की पळसाने लाजावं. घाटाच्या वरच्या अंगाला रांगेने रंगशाळा होत्या आणि शहरातल्या अर्ध्या लोकांचं पोट त्यांच्यावर भरत होतं.

त्या राज्यात एक कायदा होता, आणि कायदा चांगला होता. पहिल्या राजाने डोंगरातल्या उगमाचं पाणी चांदीच्या कलशात भरून वाड्यात ठेवलं आणि सांगितलं, “नदीचं पाणी या पाण्यासारखं राहिलं पाहिजे. नाही राहिलं, तर रंगशाळा बंद. पाणी निवळेपर्यंत बंद.”

त्या कलशाला मानकलश म्हणत. पाणी पारखायला एक जलपारखी नेमलेला असे. दर पौर्णिमेला तो एका वाटीत नदीचं पाणी घेई, दुसऱ्या वाटीत मानकलशातलं. दोन्ही बघे, हुंगे, चाखे आणि मोठ्याने हाक देई, “जुळतं!” नाहीतर, “जुळत नाही!” त्या हाकेपुढे राजाचंही काही चालत नसे.

गोष्टीतली मुलगी या पारख्याची धाकटी लेक. त्या पारख्याने, म्हणजे तिच्या आबांनी, आयुष्यभर हाक दिली. पुढे गुडघे घाटाच्या पायऱ्या उतरेनात, तेव्हा वाट्या लेकीच्या हाती आल्या. पाठशाळेत शिकलेली, वाचलेलं सगळं लक्षात ठेवणारी पोर, पण भित्री. भांडं पडलं की दचके. कुत्रं शिंकलं की दचके. मागून कोणी “अगं” म्हटलं, तरी हातातलं खाली टाके. लोकांनी तिचं नावच ‘दचकी’ पाडलं होतं.

“बघ हं, दचके,” मुख्य रंगारी घाटावर भेटला की म्हणायचा. त्याचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे. “हाक देताना स्वतःच्याच आवाजाला घाबरशील, आणि पडशील पाण्यात!”

सगळे हसत. तीही हसे. आणि मग दोन्ही वाट्यांतलं पाणी पुन्हा एकदा बघे. ते अगदी सारखं असे.

एका पौर्णिमेला ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर वाटी भरायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. काहीतरी चुकत होतं, पण काय ते उमगेना.

लहानपणी ती आबांबरोबर याच पायरीवर यायची. पायाखालून बेडूक टुणकन उडायचा. मासे बोटांना लुचायचे. कपारीतून खेकडा आडवा पळायचा. दर वेळी ती किंचाळून आबांच्या धोतराला बिलगायची. आणि पारखी झाल्यापासून? या पायरीवर ती एकदाही दचकली नव्हती.

दचकवायला तिथे कोणी उरलंच नव्हतं.

तिने वाट्या पाहिल्या. पाणी जुळत होतं. जुळत असताना ‘जुळत नाही’ कसं म्हणायचं? तिने हाक दिली, “जुळतं!” ढोल वाजले. लोक घरी गेले.

तिला मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ती नदीच्या काठाकाठाने खालच्या वस्तीवर गेली. तिची थोरली बहीण तिथे दिलेली होती.

बहीण वाळूत झरा खणत बसली होती. खड्ड्यात पाझरणारं पाणी ती वाटीवाटीने घागरीत भरत होती, आणि दहा पावलांवर नदी वाहत होती.

“ताई, नदी सोडून खड्ड्यातलं पाणी?”

“नदी आता बघायची, बाई. प्यायची नाही. म्हशीसुद्धा तोंड लावत नाहीत.”

“पण मी तर कालच ‘जुळतं’ म्हणाले.”

“ऐकलं ना. वाऱ्यावर आली तुझी हाक.” बहिणीने घागरीवरची मान वर केली नाही. “ती ऐकूनच सासूबाईंनी बाळाला नदीत आंघोळ घातली. म्हणाल्या, पारख्याने सांगितलंय, ते काय उगाच?”

घागर भरून दोघी घरी आल्या, तेव्हा आत झोळीत बाळ किरकिरत होतं. दचकीने झोळी उघडली. बाळाची मांडी आणि पोट लालभडक झालं होतं, खाजवून खाजवून सोललं होतं. या वेळी ती दचकली नाही. त्या अंगावर जणू तिचीच हाक उमटली होती.

ओसरीवर सासूबाई दळत होत्या. जात्याची घरघर आणि तिच्यावर त्यांचा खरखरीत आवाज:

कंबरभर पाण्यात, उभी मी गं सई
पायीच्या जोडव्याची, नक्षी मोजता येई

दचकी ऐकत राहिली. मग जवळ जाऊन बसली. “आजी, खरंच दिसायची का हो नक्षी? कंबरभर पाण्यातून?”

“घ्या! पाठशाळेत हेच शिकवतात वाटतं?” म्हातारीने खुंटा थांबवला. “अगं, गाणं आहे ते. गाण्यात चंद्र ओटीत पडतो, तो काय खरंच पडतो?”

“तुम्ही पाहिलीत का पण?”

“मी नाही बाई. माझी आजी म्हणायची हे गाणं. तिने पाहिलं असेल नाहीतर कोणी जुळवलं असेल.” म्हातारीने झोळीकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाली, “तू हाक दिलीस म्हणून पोराला नेलं गं मी.”

दचकी उठली आणि घराकडे निघाली.

घरी आल्यावर तिने बाळाचं सांगितलं आणि आबांपुढे पाट ओढला. “आबा, मानकलशात पाणी कुठून भरतात?”

“घाटावरून. दर पाडव्याला, वाजतगाजत.”

“पण पहिल्या राजाने उगमावरून आणलं होतं ना?”

“आणायचे की उगमावरून. साठवलेलं पाणी शिळं होतं, त्यात अळ्या पडतात, म्हणून दर वर्षी बदलायचे. माझ्या आजोबांच्या वेळी डोंगरावर दरड कोसळली आणि वाट बुजली. मग म्हणाले, घाटावरूनच भरू. तेव्हा उगम काय आणि घाट काय, पाणी एकच होतं. कोणाचं काय बिघडलं?”

दचकी हळूच म्हणाली, “म्हणजे आबा, आपण नदी नदीशीच जुळवून बघतो. ती दर वर्षी थोडी गढूळते. तिच्याबरोबर कलशही गढूळतो. मग ते जुळणारच ना?”

आबा सुपारी कातरत राहिले. कातरलेली तोंडात टाकायचं विसरले.

“आबा, एक जुनी ओवी आहे. कंबरभर पाण्यात जोडवी दिसायची म्हणे.”

“ओवी कशाला हवी?” आबा एकदम म्हणाले. “मीच नाही का पाहिलेली! आमच्या आत्याचं जोडवं आंघोळीत निसटलं होतं. मी पोर. वरच्या पायरीवर बसून बोट दाखवलं, आत्ये, ते बघ, गोल दगडाच्या उजवीकडे. तिने वाकून...”

आबा तिथेच थांबले. त्यांच्या डोळ्यांपुढे ते पाणी आलं असावं. आणि त्यानंतरच्या साऱ्या पौर्णिमाही.

“मी कधी खोटं बोललो नाही, पोरी,” ते शेवटी म्हणाले.

“मला माहीत आहे, आबा.”

“वाट्या सारख्याच असायच्या.”

“हो.”

“आता तू उभी राहून सांगणार, की तुझ्या बापाने आयुष्यभर चुकीची हाक दिली.”

तिचे डोळे भरले. “नाही सांगत. तुम्ही म्हणाल तर गप्प बसते.”

“बाळाचं अंग कसं आहे म्हणालीस?”

तिने पुन्हा सांगितलं. आबांनी अडकित्ता खाली ठेवला. “मानकलशाला नावं ठेवील त्याला राज्याबाहेर काढतात, ठाऊक आहे ना? भीती वाटते?”

“वाटते. आताच हातपाय कापताहेत.”

“कापू देत. मला कधी भीती वाटली नाही. मी निर्धास्तपणे हाक द्यायचो, म्हणून तर वाटीबाहेर कधी पाहिलं नाही. जा. सांग.”

पुढची पौर्णिमा चैत्राची. त्या दिवशी राजा आणि राणी स्वतः घाटावर येत. पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या. रंगशाळांच्या गुढ्यांसारख्या उंच काठ्यांवर निळी-लाल वस्त्रं फडफडत होती. आबांना लोकांनी खुर्चीतून उचलून आणून बसवलं होतं.

दचकीने दोन्ही वाट्या भरल्या. पाहिल्या, हुंगल्या, चाखल्या. आणि हाक दिली, “जुळतं!”

ढोलावर टिपरी पडणार तोच तिने हात वर केला. “थांबा! जुळतं, कारण मानकलशातलं पाणीही घाणच आहे!”

घाटावर असा सन्नाटा पसरला, की वरच्या देवळातला पारवा घुमलेला ऐकू आला. दचकी स्वतःच्या शब्दांनी दचकली खरी, पण मागे सरली नाही.

मुख्य रंगारी पुढे आला. “महाराज, बघा! मानकलशाचा अपमान! हिच्या बापाने इतकी वर्षं ‘जुळतं’ म्हटलं, तेव्हा ही तोंड मिटून बसली होती. आज ही बापालाही खोटं पाडते?”

“ती नाही पाडत,” खुर्चीतून आबांचा चिरका आवाज आला. “मी स्वतःच सांगतो. मी चुकलो. पुढे बोल, पोरी.”

राजाने विचारलं, “मुली, कलश खोटा म्हणतेस. मग खरं माप कुठलं? तुझं मन?”

“नाही महाराज. माझं मन तर कशालाही घाबरतं, त्याच्यावर विसंबू नका. या नदीत कंबरभर पाण्यात उभं राहिलं, की पायातलं जोडवं दिसायचं. बाया अजून गातात, आणि आबांनी डोळ्यांनी पाहिलंय. पाणी चांगलं असेल तर आजही दिसेल. कोणीही उतरून बघावं.”

“गाण्यावर राज्य चालवायचं का आता?” रंगाऱ्यांत हशा पिकला.

पण राणी उठली होती. तिने वहाणा काढल्या, शालूचा काठ आवरला आणि पायरी उतरू लागली. “जोडवी माझ्याही पायांत आहेत. बघायला काय हरकत आहे?”

तेवढ्यात मुख्य रंगारी धावत आडवा आला. “राणीसरकार, नका! पाय रंगतील!”

राणी थांबली. सारा घाट थांबला. रंगाऱ्याच्या तोंडाचा आ तसाच राहिला. शब्द निघून गेला होता, आता परत कसा घ्यायचा?

“पाय रंगतील,” राणी सावकाश म्हणाली. “आणि आमच्या लेकरांची पोटं? ती नाही रंगत?”

ती उतरली. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली आणि वाकली. मग मागे वळून म्हणाली, “महाराज, कंबर दूरच राहिली. गुडघ्याखाली माझी मीच मला दिसत नाही.”

ती वर आली, तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर निळसर रेघ उमटली होती. राजाने ती रेघ पाहिली. मग मानकलश उचलला, आणि सगळ्यांदेखत उपडा केला.

राजा म्हणाला, “आजपासून रंगशाळा बंद, आणि खड्डे होईपर्यंत बंदच. वापरलेलं पाणी मुरवायला प्रत्येकाने आपापल्या आवारात खड्डे खणावेत, चुना आणि वाळू घालून ते निवळू द्यावं. ज्याच्या आवारातून रंगाचा थेंब नदीत येईल, त्याची भट्टी पेटणार नाही. आणि पारख्याने पौर्णिमेची वाट पाहू नये. मनात येईल त्या दिवशी, मनात येईल त्या रंगशाळेत शिरावं.”

मग मुख्य रंगाऱ्याकडे वळून राजाने विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

रंगाऱ्याने निळ्या हातांकडे पाहिलं. “माझ्या घरचे नदीत उतरत नाहीत, महाराज. पण पारखी ‘जुळतं’ म्हणायचे. मग मी म्हणायचो, असेल बुवा बरोबर. मला ते सोयीचं होतं.”

“मग पहिला खड्डा तुमचा,” राजा म्हणाला.

राणीने आपलं एक जोडवं काढून दिलं. घाटाच्या कंबरभर पाण्यातल्या दगडात ते शिशाने पक्कं बसवलं. तेच नवं माप. नदी कितीही बदलली तरी जोडवं बदलणार नव्हतं.

रंगारी कुरकुरले. काही महिने कापड महागलं, तेव्हा शहरही कुरकुरलं. काहींनी अंधारात रंगाचे हौद नदीत सोडून पाहिले. सकाळी पारखी दारात उभी. “काय बाई, झोपता की नाही?” म्हणत त्यांनी तिच्याकडून आपल्या रंगशाळेला कुलूप लावून घेतलं. शेवटी खड्डे खणणंच सोपं, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. राजाने मग बाजारातलं तेल आणि तूपही तपासायला घेतलं. तेव्हा कळलं, की तेल पारखायचा नमुना दर वर्षी तेलीच आणून देत होते!

नदी एका दिवसात बिघडली नव्हती, म्हणून एका दिवसात सुधारलीही नाही. बाळ चालायला लागलं, बोलायला लागलं. आणि एका सकाळी खालच्या वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन घाटापर्यंत आल्या. लेक आबांना हाताला धरून पायऱ्या उतरवत होती.

“आबा, आजची हाक तुम्ही द्या.”

आबा वाकले. वाहत्या पाण्याखाली, दगडात, चांदी चमकत होती. त्यांनी नक्षी मोजली. पुन्हा मोजली. छाती भरून श्वास घेतला, पण हाक दिली नाही. बाजूला सरले आणि लोकांना म्हणाले, “माझ्या शब्दावर जाऊ नका. या, प्रत्येकाने वाकून बघा.”

आणि एकेक करून सगळे वाकले.

तात्पर्य: ज्याची पारख करायची त्याच्याच हातून माप घेतलं, तर खोट कधीच सापडत नाही, म्हणून माप बाहेरचं असावं, आणि ते सगळ्यांना बघता यावं.