इंजिनाचा आराम

इंजिनांची बोली मला पक्की समजते. माझी स्वतःची गाडी अजून ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, ते सोडा.

गाड्या भांडायच्या त्या काळी एक डिझेल पिकअप दोन टन फरशी घेऊन घाट चढली. उतार लागताच डिझेल वाचवायला सर्जेराव ड्रायव्हरने ती न्यूट्रलमध्ये सोडली. सगळा भार ब्रेकवर आला, ब्रेक धुमसायला लागला. घाबरून सर्जेराव गिअर टाकायला गेला, तर इंजिन घेईना.

“अरे ए, गिअर घे! गाडी धर, मी जळतोय!” ब्रेक किंचाळला.

“बोंबलू नकोस! अख्खा घाट मी चढवलाय,” इंजिन गुरकावलं. “ओढणं माझं काम, धरणं तुझं.”

“बरं, मग ही बघ सोडली गाडी! दरीतून वर ओढायला तू आहेसच.”