पिंपळधऱ्याची समोरची बाजू

"आणि आता यात काय राहिलं, दाजी?"

हेमांगीने विचारलं, पण आवाजात रागसुद्धा उरला नव्हता. रिक्षात मांडीवर सांभाळत आणलेली फळी तिने टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसली.

फळीवर पिंपळधरा स्टेशन होतं. छोट्या गाडीचे रूळ, रुळांपलीकडे कौलारू ऑफिस, पाण्याची टाकी, मागे डोंगर. फलाटाला लागलेलं बोटभर इंजिन आणि दोन डबे.

दाजी सबनीस पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. आता मागच्या खोलीत असल्या गाड्यांचा पसारा मांडून बसत. गावात कुणाला हौस आली की तो त्यांच्याकडे शिकायला येई. बहुतेक जण दुसऱ्यांदा फिरकत नसत.

हेमांगी फिरकली, कारण ती हौसेने आलीच नव्हती.

तिचे वडील, अण्णा, पिंपळधऱ्याला स्टेशनमास्तर होते. ती लाइन बंद झाली, रूळ उचलले, इमारत पाडली. मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काही दाखवत राहा. ओळखीचं जे होतं ते तर कुणीतरी भंगारात नेलं होतं... म्हणून ही फळी.

कॉलेजात इमारतींची मॉडेल्स करून तिने बक्षिसं घेतली होती. त्यामुळे पहिल्या खेपेला ती शिकायला नाही, दाखवायलाच आली होती. दाजींनी गवताकडे पाहिलं आणि असं गवत फक्त कॅलेंडरवर उगवतं म्हणाले. तिने सगळं खरवडून चहाचा चोथा वाळवला, चाळला, त्याची माती केली. पुढच्या खेपेला त्यांनी झाडं शाळेच्या प्रार्थनेला उभी केली आहेत का, असं विचारलं. मग घोसाळ्याच्या जाळीची वेडीवाकडी बाभळ करायला शिकवली. तिने तीही केली.

दर वेळी फळी अण्णांच्या पलंगाशी नेली. दर वेळी अण्णांनी पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. काल तर पाहिलंही नाही.

"मापात चूक नाही," ती म्हणाली. "खिडकीचे गजसुद्धा फोटोत मोजून घेतलेत."

"चूक नाहीच."

"मग?"

दाजींना खोकल्याची उबळ आली. ते बराच वेळ खोकत राहिले. आत कुकरची शिट्टी झाली आणि हेमांगी एवढी दचकली, की कोपर टाकीला लागलं. दाजींनी खोकता खोकताच एक बोट लावून टाकी सावरली.

फोटो कुणी काढले, त्यांनी विचारलं. काकांनी, ती म्हणाली. सुट्टीत सगळे जायचे तेव्हा, गाडी आली की काका रुळांच्या अलीकडे उभे राहून काढायचे.

"प्रत्येक फोटोत गाडी आहे?"

"प्रत्येक फोटोत."

"आणि अण्णा कुठं बसायचे?"

तिने ऑफिसच्या खिडकीवर बोट ठेवलं. आत टेबल होतं, खिडकीला लागून.

दाजींनी फळी फिरवली. ऑफिसची पाठ तिच्यासमोर आली. मागची भिंत तिने लावलीच नव्हती. डोंगरसुद्धा मागून पांढरा थर्मोकोल होता, त्यावर गोंदाचे ओघळ सुकलेले.

"मागे भिंतच येणार ना..." ती पुटपुटली. "दिसणार कुणाला?"

"गणपतीत आरास कोण करतं तुमच्याकडे?"

"मीच. लहानपणापासून."

"वाटलंच." दाजी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. "वाक. ऑफिसातून बघ, तुझे वडील बघायचे तसं. काय दिसतं?"

तिने हनुवटी टेबलाला टेकवली. एक डोळा मिटला.

"गाडी."

दाजींनी इंजिन उचललं, डबे उचलले आणि खिशात टाकले.

"आता?"

"रूळ."

"पुढं?"

"फळी संपते."

"पुढं?"



"तुमच्या शर्टाचं बटण."

दाजी हसले नाहीत. तीही हसली नाही. हनुवटी तशीच टेकलेली राहिली.

रुळांच्या त्या बाजूला, ऑफिसच्या समोर काय होतं, ते तिला आठवेना. शेत होतं? ओढा? काका उभे राहायचे तिथं काहीतरी असणारच. शिट्टी झाली की ती फलाटावर धावायची, ती गाडीकडे. गाडी गेली की सगळे जेवायला आत...

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आई होती तोवर विचारलं नाही. काकाही गेले. आता विचारू कुणाला? अण्णा बोलत नाहीत."

"हात हलतो?"

"डावा. थोडासा."

दाजींनी कोपऱ्यातून एक कोरी, अरुंद फळी काढली आणि तिच्या फळीला रुळांच्या बाजूने लावून पाहिली. मग भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा डबा, चोथ्याची पुरचुंडी आणि जाळीचे तुकडे तिच्यासमोर ठेवले.

"हे त्यांच्या डाव्या हाताशी ठेव. तू काही करायचं नाहीस."

"त्यांना चमचा धरता येत नाही, दाजी. समोरचा देखावा काय जमणार?"

"तुला कुठं जमला?"

तिने कोरी फळी उचलली, डबा पिशवीत घातला. सगळं पुन्हा रिक्षातून न्यायचं होतं. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"इंजिन तुमच्याकडेच राहिलं."

दाजींनी खिशावर हात ठेवला. काढून दिलं नाही.

"गाडीशिवाय कसं ओळखतील ते स्टेशन?"

दाजी खुर्चीत टेकले. डोळे मिटले होते. ती निघणारच होती, तेवढ्यात म्हणाले,

"गाडी नसतानाच तर ते तिथं बसलेले असायचे, पोरी."